छायाचित्रकारावरच्या लेखात छायाचित्रालाच कात्री

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतील छायाचित्रकार अँटन कॉर्बाइन यांच्यावरील लेख वाचून वाईट वाटले आणि त्यासोबतचे छायाचित्र पाहून संताप आला. लंडनमधील लँकेस्टर गेट या भुयारी रेल्वे स्थानकात नोव्हेंबर 1979 मध्ये टिपलेल्या त्या छायाचित्रात ‘जॉय डिव्हिजन’ या इंग्लिश रॉक बँडचे तिघे वादक कॅमेऱ्याकडे पाठ करून आत निघाले आहेत आणि गायक इयान कर्टिस तेवढा मागे वळून पाहतो आहे. आपण त्या तीन पाठी कापून टाकल्या आणि कर्टिसचा चेहरा मोठा करून छापला. त्या पाठीच नसतील, तर त्याच्या वळून पाहण्याला अर्थ काय उरतो? ओळखपत्रावर शोभावा असा एक चेहरा तेवढा उरला. त्याखाली छायाचित्रकाराचे नावही नाही, आणि तेही छायाचित्रकारावरच्याच लेखात!

हे मला इतके लागले त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मैफलीत विंगेतून मी एका गायकाचे छायाचित्र काढले होते. डोळे मिटलेले, मान किंचित मागे कललेली, आणि त्याच्या कानाच्या रेषेत मागे बसलेल्या साथीदार बाईंची तानपुऱ्यावरची बोटे. गायक स्वर कुठून घेतो आहे, हे त्या चौकटीत दिसत होते. पुढे ते एका सीडीच्या मुखपृष्ठावर आले, तेव्हा बाई आणि तानपुरा दोन्ही गायब होते आणि गायकाची मान विनाकारण वाकडी दिसत होती. माझे नाव कुठेही नव्हते. विचारणा केली तेव्हा ‘तानपुरेवाल्या बाई कव्हरवर कशाला?’ असे उत्तर मिळाले. नाव गेल्याचे दुःख कालांतराने ओसरले, पण त्या बाईंना मी ते मुखपृष्ठ कधीच दाखवू शकलो नाही.

लेखाविषयीही लिहिणे भाग आहे. लेखकाने कॉर्बाइन यांना सरसकट ‘दिग्दर्शक’ ठरवून त्यांची छायाचित्रे म्हणजे चित्रपटापर्यंत पोहोचण्याची पायरी असल्यासारखी एका परिच्छेदात उरकली आहेत. नेदरलँड्समधला हा तरुण 1979 मध्ये इंग्लंडला गेला, त्यामागे याच ‘जॉय डिव्हिजन’च्या संगीताची ओढ होती. त्याने टिपलेला कर्टिस मे 1980 मध्ये, वयाच्या अवघ्या 23व्या वर्षी गेला. पन्नाशी ओलांडल्यावर, 2007 मध्ये, कॉर्बाइन यांनी ‘कंट्रोल’ हा पहिला कथापट केला तो त्याच कर्टिसच्या आयुष्यावर, आणि तोही कृष्णधवल. भुयारातली ती चौकट आणि हा चित्रपट यांच्यातला धागा लेखात कुठेच आला नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. ‘डेपेश मोड’ या इंग्लिश बँडसाठी पहिला व्हिडिओ त्यांनी 1986 मध्ये केला आणि त्यानंतर त्या मंडळींची छायाचित्रे, मुखपृष्ठे, इतकेच नव्हे तर दौऱ्यांतील रंगमंचाची सजावटही त्यांच्याकडे आली. कलावंत एखाद्या छायाचित्रकाराला इतकी वर्षे जवळ ठेवतात, ते त्याच्या नजरेवर विश्वास असतो म्हणून. ‘यू टू’ या आयरिश बँडच्या 1987 मधील ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमसाठी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात काढलेल्या छायाचित्रांत किती आकाश आणि किती मोकळी जमीन ठेवली आहे, ते पाहावे. कात्री लावणाऱ्याला ती सगळी जागा वायाच गेलेली वाटेल.

शिवाय, कृष्णधवल छायाचित्र आपल्याकडे निळसर का छापले जाते, हेही एकदा छपाई विभागाला विचारावे. मागेही एका दिवंगत वादकाच्या छायाचित्राची अशीच गत झाली होती.

येत्या रविवारी ते छायाचित्र संपूर्ण, आहे त्याच प्रमाणात आणि खाली कॉर्बाइन यांचे नाव देऊन पुन्हा छापावे, ही विनंती. त्यासाठी मजकुराचा एखादा स्तंभ कमी करावा लागला, तर तो अवश्य करावा.

आपला,
एक नियमित वाचक