विक्रीचा आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे

मा. संपादक,

महोदय,

चवथीच्या दिवसांत गोवा सरकारच स्वयंपूर्ण ई-बाजार या संकेतस्थळावरून महिलांना ऑनलाइन विक्रीकडे वळवते. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना दरमहा १,५०० रुपये गृहआधार, म्हणजे गृहिणींसाठीचे सरकारी अर्थसाहाय्य, मिळतो आणि त्यासाठी पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असावे लागते. ऑनलाइन विकणारीने या अटीपुढे नेमका कोणता आकडा धरायचा, हे तिला कोणी समजावत नाही. मग कोणी ॲपवर दिसणारी एकूण विक्रीच उत्पन्न म्हणून लिहिते आणि हक्काचे पैसे घालवते. कोणी ‘गृहिणी, उत्पन्न शून्य’ लिहून मोकळी होते आणि वसुलीची टांगती तलवार डोक्यावर घेते.

उदाहरणादाखल डिचोलीतली एखादी लोणची-सोलां (आमसुले) विकणारी महिला धरू. वर्षाची ऑनलाइन विक्री ४,२०,०००. त्यातला ३५,००० चा माल परत आला किंवा ऑर्डर रद्द झाल्या, उरले ३,८५,०००. ॲपचे कमिशन व पोचवणावळ ६२,०००, कैऱ्या-तेल-मसाला १,५८,०००, बरण्या व पॅकिंग २७,०००, धंद्यापुरता गॅस-वीज १८,०००. हा २,६५,००० खर्च वजा जाता नफा १,२०,०००. नवऱ्याचा पगार १,७४,००० असेल तर दोघांचे मिळून २,९४,०००, म्हणजे मर्यादेच्या आत. हिनेच विक्रीचा आकडा लिहिला तर बेरीज ५,९४,००० होते आणि अर्ज तिथेच संपतो.

खर्च धरतानाही चुका होतात. स्वतःच्या श्रमाची मजुरी स्वतःच्याच नफ्यातून वजा होत नाही. परसातल्या झाडाच्या कैऱ्यांना बाजारभाव लावून ‘खरेदी’ दाखवता येत नाही. २०,००० रुपयांचे सीलिंग मशीन घेतले तर सगळे २०,००० त्याच वर्षी खर्चात जात नाहीत. आयकराच्या हिशेबाने १५ टक्के घसारा (वापराने घटणारी किंमत), म्हणजे ३,००० रुपये, आणि मशीन त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर त्याच्या निम्मे. घरचा सिलिंडर धंद्याच्या खर्चात घालण्याचा मोह तर सर्रास होतो.

आयकरात छोट्या व्यावसायिकाला सविस्तर वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवण्याची सोय आहे: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. वरच्या उदाहरणात ६ टक्क्यांनी नफा फक्त २३,१०० येतो. काही ठिकाणी हाच आकडा विवरणपत्रात भरून त्याची प्रत उत्पन्नाच्या दाखल्याला जोडली जाते. पण हे टक्के किमान आहेत. हातात १,२०,००० उरत असतील तर तेवढेच दाखवायचे. इतक्या उत्पन्नावर कर तसाही लागत नाही, मग आकडा खाली ओढून मिळवायचे काय?

लपवाछपवी फार काळ टिकतही नाही. ॲपवरचे खाते पॅनशी जोडलेले असते. पॅन किंवा आधार दिले आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत राहिली तर वैयक्तिक विक्रेत्याचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापला जात नाही. त्यापुढे ०.१ टक्का कापला जातो. पॅन किंवा आधार दिलेच नसेल तर थेट ५ टक्के. कापलेली प्रत्येक रक्कम आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, नोंदवली जाते. खरी गुंतागुंत होते ती मुलाच्या किंवा नवऱ्याच्या पॅनवर दुकान उघडल्यावर: राबते एक, उत्पन्न दिसते दुसऱ्याच्या नावावर. बचत गटांत याहून वाईट प्रकार घडतो. खजिनदाराचा वैयक्तिक क्यूआर कोड स्टॉलवर लावला की दहा जणींची विक्री तिच्या एकटीच्या बचत खात्यात साचते. गटाचे स्वतंत्र खाते आणि प्रत्येकीच्या हिश्श्याची सही केलेली नोंद, एवढे तरी हवेच.

जीएसटीबद्दल थोडक्यात. गोव्यातल्या गोव्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ॲपवरून विकणाऱ्यालाही, जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेतला की, ही सवलत आहे. मात्र पेडण्याहून सावंतवाडीला करपात्र मालाची एक बरणी पाठवली तरी ती आंतरराज्य विक्री ठरते आणि काही हस्तकला वस्तूंचा अपवाद सोडला तर नोंदणी सक्तीची होते. गोव्याची बाजारपेठ लहान, म्हणून अनेकजणी नोंदणी घेतात. मग विवरणपत्रातली उलाढाल पाहून कोणीतरी तिलाच उत्पन्न समजते. लघुउद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीचेही तेच. ती धंद्याची नोंद आहे, उत्पन्नाचा पुरावा नव्हे.

घरातला जुना फ्रिज, कपाट किंवा मुलाची सायकल ओएलएक्सवर विकली तर ते धंद्याचे उत्पन्न नाही, त्यावर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. दागिने मात्र या सवलतीत बसत नाहीत. सोने विकून झालेला नफा उत्पन्नात धरावाच लागतो. जुन्या वस्तू विकत घेऊन नफ्याने विकणे हा तर सरळ व्यापार.

पुराव्यासाठी ॲपवरचा सेटलमेंट अहवाल (विक्री, कपात आणि जमा रकमेचा हिशेब) दर महिन्याला उतरवून ठेवावा, खरेदीची बिले तारखेनुसार लावावीत, आणि विक्रीचे बँक खाते गृहआधार जमा होणाऱ्या खात्याहून वेगळे असावे. मार्चअखेरच्या विक्रीचे पैसे एप्रिलमध्ये जमा होतात, त्यामुळे बँकेचे वर्ष आणि ॲपचे वर्ष जुळत नाही. हा फरक कागदावर लिहून ठेवला तर तलाठ्यासमोर गोंधळ होत नाही.

महिला व बाल विकास संचालनालयाला आणि मामलेदार कार्यालयांना विनंती अशी: उत्पन्नाच्या स्वयंघोषणापत्रात व्यवसाय करणाऱ्यांसाठी एका रकान्याऐवजी तीन द्यावेत. परतावे वजा जाता विक्री, खर्च आणि उरलेला नफा. अटीसाठी यांतला नफाच धरला जाईल, असे त्याखाली छापावे. दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतल्या विधवा आणि ज्येष्ठ विक्रेत्यांनाही हाच नियम लेखी कळवावा. आणि वर्षाच्या मध्येच उत्पन्न मर्यादेबाहेर जाईल असे दिसले तर लाभ थांबवण्याचा अर्ज गोवा ऑनलाइन या सरकारी पोर्टलवरून करता यावा, त्याची पोच मिळावी, म्हणजे स्वतःहून कळवणारीवर नंतर वसुलीची वेळ येणार नाही.

आपला,
एक करसल्लागार, फोंडा