‘केलं म्हणून’ दिलेल्या धमकीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिसावर हात उचलल्याची बातमी आपल्या दैनिकात आली की तिच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते, ‘सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल.’ मी एका पोलीस हवालदाराची बायको. सतरा वर्षं पोलीस लाइनीत काढली. हात उचलला तर गुन्हा होतो, हे मला ठाऊक आहे. पण बंदोबस्त संपल्यावर, वर्दी घरात खुंटीला असताना, चार दिवसांनी सूड म्हणून जी धमकी येते तिचं काय होतं, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं. त्याबद्दल लिहिते आहे.

माझे पती रात्रीच्या नाकाबंदीला होते. पहाटे तीनच्या सुमारास नंबरप्लेट नसलेला वाळूचा टिपर त्यांनी अडवला. चालकाकडे पावती नव्हती. त्याने फोन लावून यांच्या हातात दिला. पलीकडचा माणूस म्हणाला, “हवालदार, सोडा गाडी, सकाळी भेटतो.” यांनी फोन परत दिला, टिपर ठाण्यात आणून लावला, पंचनामा झाला, तहसीलला कळवलं. त्या रात्री कोणी शिवी दिली नाही की कोणी अंगाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी आमची मुलगी शाळेतून आली. सातवीत आहे. दप्तर टाकलं आणि ओट्यावर एक चॉकलेट ठेवलं, पाच रुपयांचं. म्हणाली, “आई, फाटकाबाहेर मोटारसायकलवर एक काका होते. त्यांनी मला नावाने हाक मारली. म्हणाले, पप्पांना सांग, टिपरवाले काका भेटून गेले.” तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी जिथे होते तिथेच खाली बसले. हे ड्यूटीवरून आल्यावर मुलीने त्यांनाही तेच सांगितलं, तेव्हा ताटावर बसलेले उठले आणि हात धुवून बाहेर गेले. रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला. “नोकरी किती राहिली, हवालदार? लाइनीत तुमची खोली सातवी ना?” बस, एवढंच बोलून फोन ठेवला.

ते चॉकलेट मुलीला खाऊ दिलं नाही. मी ते डाळीच्या डब्यात ठेवलं, पुरावा म्हणून. आजही तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी हे स्वतःच्याच ठाण्यात तक्रार द्यायला गेले. ज्या टेबलामागे बसून त्यांनी शेकडो लोकांच्या तक्रारी घेतल्या, त्याच टेबलासमोर उभे राहिले. उत्तर मिळालं, “यात धमकी कुठे आहे? चॉकलेट दिलं म्हणून गुन्हा घेऊ का? आणि तूच पोलीस, तूच घाबरलास तर लोकांनी काय करायचं?” शेवटी स्टेशन डायरीला दोन ओळी पडल्या. साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंदसुद्धा नाही. माझा नवरा घाबरट नाही. पण त्या दिवशी घरी आला तेव्हा त्याची मान खाली होती आणि ती मी पाहिली आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्याकडून मी कलमं समजून घेतली, आणि माझ्या लक्षात आलं की चूक फक्त त्या टेबलामागच्या माणसाची नाही. १ जुलै २०२४ पासून १८६० सालच्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सरकारी नोकराला धमकी देण्याचं जुनं कलम १८९ होतं, ते आता २२४ झालं आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत. या कलमात एक गोष्ट फार चांगली आहे. धमकी खुद्द नोकराला दिलेली असो वा त्याच्या जिव्हाळ्याच्या माणसाला इजा करण्याची असो, गुन्हा होतो. म्हणजे आमची मुलगी त्यात बसते. पण अट अशी की त्या नोकराने एखादं काम करावं, करू नये किंवा लांबणीवर टाकावं, यासाठी धमकी दिलेली असली पाहिजे. ‘करू नये म्हणून’ दिलेली धमकी त्यात येते. ‘केलं म्हणून’ दिलेली येत नाही.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस आहे. तसं नाही. मारहाणीच्या कलमांत हे दुसरे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. कलम १२१ (जुनं ३३२) आणि १३२ (जुनं ३५३) पाहा. नोकराने कर्तव्य करू नये म्हणून मारलं किंवा त्याने कर्तव्य केलं त्याचा परिणाम म्हणून मारलं, तर दोन्ही सारखेच गुन्हे आहेत. मारहाणीचा सूड कायद्याला दिसतो, धमकीचा सूड मात्र कलम २२४ ला दिसत नाही. त्यात हे कलम अदखलपात्र आणि जामीनपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. मग उरतं ते सर्वांना लागू असलेलं ३५१, जुनं ५०६. मनात भीती घालण्याच्या हेतूने शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी दिली तर २ वर्षं, जीव घेण्याची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर ७ वर्षांपर्यंत आणि स्वतःची ओळख लपवून दिली तर त्यावर आणखी २ वर्षांपर्यंत. हे कलम ‘केलं म्हणून’ला लागू पडतं. पण धमकी ज्याला दिली त्याने मिटवली की ते प्रकरण मिटतं. तालुक्याच्या गावात ‘मिटवून टाका’ म्हणणारे फोन कुठून कुठून येतात आणि एका हवालदाराला ते किती दिवस टाळता येतात, हे मी सांगायला नको.

सूडाला वेळ लागत नाही. मार्च २०१३ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका वाहतूक पोलीस अधिकाऱ्याने आमदाराची गाडी वेगाबद्दल अडवली. दुसऱ्याच दिवशी विधान भवनाच्या आवारात त्याला मारहाण झाली आणि पाच आमदारांना निलंबित करावं लागलं. ऑगस्ट २०१६ मध्ये खारच्या पेट्रोल पंपाजवळ वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवलं. मुलाने भावाला फोन करून बोलावलं. भावाने येऊन मागून डोक्यात दांडकं घातलं. आठ दिवस झुंज देऊन ३१ ऑगस्टला शिंदे गेले. त्या रात्री आमच्या लाइनीत एकही टीव्ही मोठ्या आवाजात लागला नव्हता. प्रत्येक घरातली बाई दाराकडे कान लावून बसली होती.

शिंदे यांच्या बाबतीत अडवणं आणि हल्ला यांच्यामध्ये फक्त एक फोन होता. आमच्या बाबतीत मध्ये चार दिवस गेले. हल्ला झाला असता तर कलम होतं. चॉकलेट आलं, त्याला सूडाच्या धमकीचं वेगळं कलम नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी पोलिसाची बायको म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या ओळखीतल्या एका भाजीवालीच्या मुलावर गाडी उचलण्यावरून पोलिसाशी हुज्जत घातली म्हणून ‘१३२’ लागलं. पोराने आवाज चढवला होता, बोट दाखवलं होतं. हात लावला नव्हता. आठवडाभर आत राहिला, कारण १३२ अजामीनपात्र आहे. राज्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा, भिंतीवर पाटी दिसते, ‘सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये कारवाई.’ आमच्या तालुक्यातल्या पाटीवर कायदा बदलूनही आकडा ३५३च आहे. सातबाऱ्यासाठी चौथ्यांदा खेटा घालणाऱ्या म्हाताऱ्याला ती पाटी पहिली दिसते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये या कलमाची शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली होती. नव्या संहितेत ती पुन्हा २ वर्षांपर्यंत आहे. शिक्षा वाढवून किंवा पाट्या लावून आमच्या घरची भीती कमी झाली नाही. ते कलम हुज्जत घालणाऱ्यावर पडलं आणि टिपरवाल्यापर्यंत पोचलंच नाही.

न्यायालयं हे वारंवार सांगत आली आहेत. बंगळूरच्या एका दांपत्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर ३५३ आणि ५०६ लावली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. तक्रार मांडणं म्हणजे धमकी नव्हे. जानेवारी २०२५ मध्येही त्याच न्यायालयाने आणखी एका प्रकरणात म्हटलं की नुसतं ओरडणं आणि धमकावणं म्हणजे ३५३ मधला हल्ला होत नाही. मला हे पटतं. रागाच्या भरात नाक्यावर ‘तुझी वर्दी उतरवीन’ म्हणणारा घरी जाऊन जेवून झोपतो. ज्याला शाळेचं फाटक माहीत आहे तो ओरडत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कलम २२४ मध्ये ‘कर्तव्य केल्याचा परिणाम म्हणून’ हे शब्द घालावेत आणि सूडाची धमकी दखलपात्र करावी. २०१८ मध्ये राज्याने स्वतःची दुरुस्ती केली होती, म्हणजे मनावर घेतलं तर करता येतं. साक्षीदाराला खोट्या साक्षीसाठी धमकावणं संहितेच्या कलम २३२ मध्ये आधीच दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. टिपरच्या पंचनाम्यावर ज्याची सही आहे तो हवालदार उद्या कोर्टात साक्षीदारच असणार आहे. त्याला साक्ष फिरवायला सांगितलं असेल तर तेव्हा तरी हे कलम आठवावं. आणि कायदा बदलेपर्यंत ज्या गोष्टी आजही करता येतात त्या कराव्यात. पोलिसाने धमकीची तक्रार आणली तर ती त्याच्याच ठाण्यात त्याच्याच सहकाऱ्यांनी न घेता शेजारच्या ठाण्याने घ्यावी. तक्रारीत मुलाबाळांचा उल्लेख असेल तर डायरीच्या दोन ओळींवर न थांबता एनसी घेऊन त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यांकडे तपासाची परवानगी मागावी. शक्य असेल तिथे फिर्याद वरिष्ठांनी सरकारतर्फे द्यावी, म्हणजे ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांपुढे हवालदार एकटा पडणार नाही.

त्याचबरोबर हुज्जतीला १३२ लावणं थांबवावं. भाजीवालीच्या मुलाला आठवडाभर आत ठेवून आम्ही सुरक्षित झालो नाही. उलट तिच्या गल्लीतलं कोणी आता यांच्या बाजूने पंच म्हणून सही करायला तयार नाही.

टिपरचं प्रकरण तहसीलमध्ये चालू आहे. यांची नाकाबंदी चालू आहे. मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला मी जाते. पूर्वी ती मैत्रिणींबरोबर चालत यायची. परवा तिने विचारलं, “आई, मी कधीपासून एकटी येऊ?” तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपली,
एका पोलीस हवालदाराची पत्नी
(नाव व पत्ता संपादकांकडे)