चिंगीला घेऊन आलेल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण चिंगी या पायमोज्याच्या बाहुलीला घेऊन आमच्या शाळेत तुम्ही जे केलंत ते इतर शाळांतल्या बाई-गुरुजींनीही वाचावं, म्हणून जाहीर लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हालाच ते आवडायचं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची, शाळेतच लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आली आणि शाळाशाळांतून तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांची विचारणा सुरू झाली. आम्हीही पेटी लावली. तिच्यात 'पेन हरवलं', 'हा मला चिडवतो' अशा चिठ्ठ्या पडायच्या, एकदा चॉकलेटचा कागद निघाला. 'गुड टच, बॅड टच'चं पोस्टर मुलं पाढ्यांसारखं घडाघडा म्हणायची. प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली.

कुडाळ तालुक्यातल्या पोरांना बाहुल्यांचं अप्रूप नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या इथल्याच. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कलेसाठी. त्यामुळे मुलं राम-रावणाच्या तयारीने बसली होती आणि तुम्ही पिशवीतून काढलीत राखाडी पायमोज्याची चिंगी! दोन डोळे म्हणजे दोन वेगवेगळ्या रंगांची बटणं, आणि लोकरीची एकच वेणी. पुढे बसलेला एकजण ओरडला, "ह्यो तर सॉक्स आसा!" चिंगी लाजून तुमच्या काखेत शिरली. वर्ग खो खो हसला, आणि चिंगी त्यांची झाली.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की चिंगीला काहीच ठाऊक नव्हतं. तिने उपदेश केला नाही, उलट मुलांनाच सल्ला विचारला. शेजारचे काका खाऊ देतात, मांडीवर ओढतात, 'कोणाक सांगा नको' म्हणतात. मी काय करू?

"आवशीक सांग गो!" चारी बाजूंनी आवाज आले.

"आवस कामाक गेली तर?"

"आजयेक!"

"आजी म्हणाली, गप ऱ्हव, तर?"

वर्ग गप्प. मग मागून, एरवी हजेरीलाही जेमतेम 'हजर' म्हणणारी एक मुलगी बोलली, "मगे बाईंका सांग. बाय नाय तर आनी कोणाक. सांगत ऱ्हव."

पोस्टरवर हे वाक्य नव्हतं, ताई. आम्हीही कधी शिकवलं नव्हतं.

नंतर तुम्ही समजावलंत. मूल बाहुलीकडे बघतं, आपल्या तोंडाकडे नाही, म्हणून मोठ्यांचा चेहरा बदलल्याची त्याला भीती नसते. शिवाय गोष्ट चिंगीची असते, त्याची स्वतःची नव्हे. नको वाटलं तर ते कधीही मागे फिरू शकतं.

खेळ संपल्यावर काही मुलं चिंगीच्या कानात कुजबुजली. त्यातलं एक अक्षरही इथे लिहिणार नाही. पण 'कोणाला सांगशील?' असं एकाने विचारल्यावर चिंगीने 'शपथ, कोणाला नाही' म्हटलं नाही. ती म्हणाली, "मी एवढीशी, मला एकटीला हे जमायचं नाही. आपण दोघं बाईंकडे जाऊया?" गुपित ठेवण्याचं वचन बाहुलीनेही द्यायचं नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना तुम्ही आम्हाला जे खडसावलंत त्याचे आभार वेगळे. "बाहुली म्हणजे पोलीस नव्हे." मुलाच्या तोंडात नाव घालायचं नाही, 'मामाने केलं का?' असं विचारायचं नाही, खोदून खोदून तर नाहीच. लहान मूल आपल्याला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं, आणि खरं काय ते हरवतं. ते बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवायचं आणि पुढे कळवायचं. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात कळवणं ऐच्छिक नाही. घरातली अब्रू, गावकी यांचा विचार करत बसायला तिथे जागाच नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथे, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो, हे आमच्यापैकी निम्म्या जणांना तुमच्याकडूनच कळलं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आता फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला आहे.

चिंगी तुम्ही आमच्याकडेच ठेवून गेलात. आता ती बाबांच्या दारूबद्दल ऐकते, वारलेल्या आजोबांबद्दलही. मुलं तिला मधल्या सुट्टीत मागून नेतात. तिचं एक बटण सैल झालं होतं, ते चौथीच्या मुलांनी शिवलं, जरा तिरकंच. आता ती चकणी बघते.

केंद्रातल्या बाकीच्या शाळाही तुम्हाला बोलवायचं म्हणतायत. जूनमध्ये शाळा उघडल्यावर याल का? गाडीभाड्याचं शाळा व्यवस्थापन समितीने मान्य केलंय. जुने पायमोजे मी आतापासून जमवतेय, धुऊनच आणा असं पालकांना तीनतीनदा बजावलंय.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
एक प्राथमिक शिक्षिका
कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग