रात्री अडीचची 'टिंग'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुणी फोन केलेला नसताना रात्री टेलिफोनची घंटी एकदाच वाजते, त्याबद्दल अधिकाऱ्यांचा खुलासा कालच्या अंकात वाचला. दोष ग्राहकाच्या फोनमध्ये आहे, असं त्यात म्हटलं आहे. हे साफ चूक आहे. आमच्याकडे लाइनमनने फोन बदलून दिला, तरी रात्री अडीचच्या सुमारास 'टिंग' होतेच. शेजाऱ्यांचा नंबर आमच्या लगतचा. आमचा फोन टिंगला की काही क्षणांत सामाईक भिंतीपलीकडे त्यांचा टिंगतो. दोन घरांतले फोन असे ओळीने बिघडतात का? रात्री लाइनी मोकळ्या असतात, तेव्हा एक्स्चेंजमधून एकेक लाइन आपोआप तपासली जाते, हे सरळ सांगून टाकावं.

तपासणीला माझा विरोध नाही. दोन तारांत विजेची गळती आहे का, केबलच्या जोडात पाणी शिरलंय का, हे बघायला लाइनवर व्होल्टेज द्यावं लागतं. ते एकदम दिलं की फोनमधला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) झटक्यात भरतो आणि घंटीला धक्का बसतो. खरी घंटी सुमारे 75 व्होल्टवर, 'ट्रिंग-ट्रिंग' अशी जोडीने वाजते. ही एकदाच. पण झोपेतल्या माणसाला हा फरक कसा कळणार? व्होल्टेज हळूहळू चढवा. तेही जमत नसेल तर ज्यांनी लेखी तक्रार दिली आहे, त्यांच्या लाइनी दिवसा तपासा.

माझी आई 84 वर्षांची आहे. मावशी गेल्याचा फोन असाच अपरात्री आला होता. तेव्हापासून घंटी झाली की ती उठतेच. अंधारात भिंत धरत जाते, रिसीव्हर कानाला लावून "कोण? कोण बोलतंय?" विचारत राहते. पलीकडे नुसता डायल टोन. मग कुणाचं काय झालं असेल या काळजीने पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. ती पडली तर जबाबदार कोण? कार्यालयात सल्ला मिळाला, रात्री फोन काढून ठेवा. घरात दुखणाईत माणूस असताना, मुलंबाळं परगावी असताना फोन काढून कसा ठेवायचा?

आणि रोज रात्री एवढी तपासणी होते, तर गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले फोन आठवडेच्या आठवडे बंद का होते? कोपऱ्यावरच्या डीपीचं, म्हणजे घरोघरच्या लाइनी जोडलेल्या पेटीचं, झाकण कधीचं तुटलंय, तारेने बांधून ठेवलंय. पाऊस थेट आत जातो. तपासणीचा अहवाल सकाळी कुणी वाचत असेल, तर त्याने आधी ते झाकण बदलून द्यावं.

आपला,
एक वाचक, सातारा