रंकाळ्याकाठच्या कार्यक्रमांच्या अटी जाहीर व्हाव्यात

महोदय,

रंकाळ्याच्या काठावर कार्यक्रम होऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. भेळ खायला आलेल्या गर्दीच्या कानी चार गाणी पडली तर बिघडत नाही. मात्र कार्यक्रमाला परवानगी आहे का आणि ती कोणत्या अटींवर, हे तेथे फिरायला येणाऱ्याला कळण्याची सोय हवी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर लावता येत नाही, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस देऊ शकते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, जी एका मोठ्या ध्वनिक्षेपकानेही सहज ओलांडली जाते.

म्हणून वेळ, व्यापलेली जागा व तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक नोंदवलेली परवानगीपत्राची प्रत मंडपाच्या दर्शनी भागी लावणे सक्तीचे करावे. सांडपाणी आणि जलपर्णीचा त्रास सोसलेल्या या तलावात पत्रावळ्या व प्लास्टिकची भर नको. काठ स्वच्छ झाल्याची पाहणी झाल्यावरच आयोजकांची अनामत रक्कम परत द्यावी आणि फिरण्याचा मार्ग कोणत्याही मंडपासाठी अडवू देऊ नये.

– एक नागरिक, कोल्हापूर