कलेचा तास झाडाखाली होऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की आमच्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत पालकांची झुंबड उडते. हातात शाळेची यादी: चकमकी कागद, फोम शीट, चिकटवायचे तयार डोळे. माझी नात दुसरीत आहे. तिच्या नावाने प्रदर्शनात जो मोर लागला, त्याची पिसे सूनबाईंनी रात्री जागून कापली होती. शेजारच्या घरीही मोरच चालू होता. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, तरी ‘प्रोजेक्ट’ म्हटले की तो कुठून तरी उगवतोच!

हे इंदुरात व्हावे? इथे विष्णू चिंचाळकर गुरुजी होऊन गेले. वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांतून ते पक्षी, प्राणी, माणसांचे चेहरे उभे करीत आणि मुलांनाही तशी नजर देत. पहिली ते पाचवीच्या मुलांना आठवड्यातून एक तास तरी शाळेच्या आवारात किंवा जवळच्या बागेत न्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

सामान फुकट आहे. पिंपळाची जून पाने पाण्यात बुडवून ठेवली की तीनेक आठवड्यांत गर कुजतो. वास सुटतो, मुले नाक दाबून हसतात. पण मऊ ब्रशने हलकेच गर काढला की शिरांची नुसती जाळी हाती येते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना पडला की पिवळ्याचे लाल होते (चुना मात्र बाईंनीच टाकावा). फाल्गुनात पळसाचा केशरी रंग काढता येतो. माळव्याची काळी माती तर हातालाच चिकटून बसते, बैल करा नाहीतर चूल.

बाईंना झाडांची थोडी ओळख हवी. गुंजा दिसायला गोजिरवाण्या, पण बी विषारी. कण्हेर आणि धोतराही तसेच. ही तीन झाडे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ‘हात लावायचा नाही’ म्हणून बजावावे.

महापालिकेलाही एक विनंती. स्वच्छतेतल्या पहिल्या नंबराचा अभिमान आम्हालाही आहे, पण सकाळी आठला बागेत गुलमोहराची एक शेंग सापडत नाही. खत करायला सगळा पाचोळा न्यावा, फक्त एका कोपऱ्यातला ढीग आठवडाभर राहू द्यावा. त्यातून मुले काय उचलतात ते बघत बसणे हीच बाईंची निम्मी शिकवणी.

आणि प्रदर्शनात नंबर काढणे बंद करावे. नंबर असेल तोवर आया रात्री जागणारच.

आपली,
एक वाचक आजी
लोकमान्यनगर, इंदूर