कापडी पुस्तकाच्या कृतीवर मुलाचं वय छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं हस्तकलेचं पान मी नेमाने वाचते. मागे त्यात लहान मुलांसाठी घरच्या घरी कापडी पुस्तक कसं शिवायचं ते आलं होतं, म्हणजे पानापानावर झिप, बटणं, व्हेल्क्रो, नाडी असं काही ना काही असतं आणि मुलाने ते हाताने उघडायचं, लावायचं, ओढायचं, बांधायचं, तसलं पुस्तक. हा विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण उरलेल्या कापडातून मुलासाठी इतकी छान दुसरी वस्तू होत नाही असं मला वाटतं आणि मी गेली काही वर्षं ही पुस्तकं शिवतेय. पण त्या कृतीत दोन गोष्टी फार खटकल्या. पुस्तक किती वर्षांच्या मुलासाठी आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि प्राण्यांचे डोळे, मणी, छोटी बटणं हे सगळं ग्लू गनने, म्हणजे गोंदाची कांडी तापवून वितळवणाऱ्या पिस्तुलाने, चिकटवा असं लिहिलं होतं.

हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला, कारण मी स्वतः हेच केलं होतं. माझी भाची चौदा महिन्यांची होती तेव्हा तिच्यासाठी पहिलं पुस्तक केलं, सहा पानांचं, रात्री जागून, आणि त्यातल्या माशाला काळा चमकदार मण्याचा डोळा चिकटवला होता. दिलं त्याच आठवड्यात तो डोळा तिने उपटला आणि मी बघितलं तेव्हा तो तिच्या ओठांमध्ये होता. मी शेजारीच बसले होते म्हणून लगेच काढून घेता आला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या वयाचं मूल पुस्तक डोळ्यांनी कमी आणि तोंडाने जास्त बघतं, कोपरा चघळतं, डोळा दिसला की त्याला नख लावतं, आणि हे त्याचं चुकतंय असं मुळीच नाही, त्याची शिकायची रीतच ती आहे. ग्लू गनचा गोंद गार झाला की प्लास्टिकसारखा कडक होतो आणि कापडाच्या वरच बसतो, धाग्यांच्या आत फार मुरत नाही. फेल्टवर, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड मऊ कापडावर, तर तो वरची लव धरून बसतो, ती लव सुटली की मणी हातात. त्यात हे पुस्तक धुवायचं असतं, चावलं जाणार असतं, उन्हात गाडीत पडून राहणार असतं, आणि उष्णतेने हा गोंद परत मऊ पडतो.

म्हणून पहिली विनंती, 'चिकटवा' हा शब्द काढून तिथे 'शिवा' लिहा.

दुसरी वयाची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात, ३१.७ मिलीमीटर व्यासाची एक छोटी नळी असते, लहान मुलाच्या घशाचा अंदाज धरून केलेली, आणि खेळण्याचा सुटा किंवा सुटू शकणारा भाग न दाबता, कसाही फिरवून त्या नळीत पूर्ण मावला तर ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाला चालत नाही. घरी ती नळी कुठून आणणार, तर टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी रुंद असते म्हणजे आपली चाचणी उलट जास्त कडक होते. आणि सुटू शकणारा म्हणजे किती ओढल्यावर? युरोपच्या नियमात तो भाग ९० न्यूटनने ओढून बघतात, म्हणजे साधारण नऊ किलो वजन टांगल्यासारखं. हे कळल्यापासून मी प्रत्येक शिवलेली वस्तू पकडीत धरून जोर लावून ओढते, हलली तर उसवते आणि पुन्हा शिवते.

खरं सांगायचं तर तीन वर्षांखालच्या पुस्तकात बटण, मणी, टिचबटण, सुटे डोळे हवेतच कशाला? डोळा दोऱ्याने भरता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. एक-दीड वर्षाच्या मुलाला दार उघडून आत काय आहे ते बघण्यात जो आनंद असतो त्याला बटणाची गरज नाही. कापडाची झडप वरून शिवायची आणि खाली एक ओळखीचं चित्र, बस. एका पानावर टॉवेलचा तुकडा, शेजारी कॉर्डरॉय, शेजारी सॅटिन, चारही बाजूंनी पक्के शिवलेले, मूल बोट फिरवत बसतं. सुटे तुकडे द्यायचेच असतील तर मोठ्या माणसाच्या तळहाताएवढे द्या.

आणि चुंबक तर कुठल्याच वयाच्या पुस्तकात नको. गळाने मासे पकडायचं पान हल्ली बरेच जण करतात, दिसतं फार गोड, पण त्यात बारीक चुंबक शिवलेले असतात. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून ते एकमेकांना खेचतात, मधली भिंत चिमटली जाते, तिला भोक पडतं आणि मुलाचं ऑपरेशन करावं लागतं. शिवण उसवली की चुंबक बाहेर. गळाला जाड दोऱ्याचा फास आणि माशाला व्हेल्क्रो लावला तरी मासा पकडता येतो. दाबलं की आवाज करणारी सेलवाली बटणंही आत शिवू नका, तो चपटा सेल गिळला तर अन्ननलिका आतून भाजते.

वय छापा म्हणते त्याचं कारण फक्त भीती नाही, मुलाचा हातही टप्प्याटप्प्याने तयार होतो. अंगठा आणि बोटाची चिमटी साधारण नऊ ते बारा महिन्यांत जमायला लागते. उघडणं आधी येतं, लावणं नंतर, हे सगळ्याच बाबतीत. व्हेल्क्रो ओढून काढणं लवकर जमतं, झिप वर-खाली करणं दोनच्या आसपास, मोठं बटण तीनच्या आसपास, आणि बुटाची नाडी बांधायला पाच-सहा वर्षं लागतात, कुणाला थोडं आधी कुणाला थोडं नंतर. दोन वर्षांच्या मुलापुढे नाडीचं पान ठेवलं तर ते पुस्तक फेकतं आणि आपण म्हणतो याला आवडलंच नाही.

मारिया मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममध्ये 'मुलांचं घर' नावाची पहिली शाळा सुरू केली, त्यांच्या पद्धतीत लाकडी चौकटी असतात, चौकटीवर कापडाचे दोन पदर आणि ते मधोमध जोडायचे. एका चौकटीवर फक्त बटणं, दुसरीवर फक्त हुक, तिसरीवर फक्त नाडी. मी हे वाचलं तेव्हा माझी चूक लक्षात आली, माझ्या एकाच पानावर झिप होती, फूल होतं, खिसा होता, मणी होते आणि भाची कशातच रमत नव्हती. आता एका पानावर एकच काम ठेवते. नुसती एक लांब झिप, आत वेगळ्या रंगाचं कापड. तिने ती झिप सलग वीस-पंचवीस वेळा उघडबंद केली, जीभ बाहेर काढून, कुणाशी न बोलता. तो चेहरा बघितला की रात्रीचं जागरण सार्थकी लागतं.

आता शिवणाबद्दल थोडं, कारण छापलेल्या कृतीत क्रमच उलटा होता. त्यात आधी पान पूर्ण तयार करून मग वर वस्तू लावा असं होतं. असं केलं की मागच्या पानावर सगळ्या गाठी आणि दोरे दिसतात आणि मूल नेमकं तेच ओढतं. सगळं आधी एकेरी कापडावर शिवून घ्यायचं, मग पुढचं पान आणि मागचं पान सुलट बाजू आतमध्ये समोरासमोर ठेवून जोडायची आणि उलटवायची, गाठी कायमच्या आत जातात. त्यासाठी कुठल्या पानाच्या पाठीला कुठलं पान हे आधी कागदावर मांडून घ्या, आणि दोन जाड वस्तू पाठीला पाठ लावून येऊ देऊ नका, नाहीतर पुस्तक मिटतच नाही. वस्तू कडेपासून दोन सेंटीमीटर तरी आत असाव्यात, मशीनचा दाबपट्टीचा पाय बटणावर अडला की टीप वाकडी जाते, हे मी बऱ्याच वेळा भोगलंय.

माप मी तयार पान २० बाय २० सेंटीमीटर धरते, चहूबाजूंनी १ सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, आणि बांधणीच्या बाजूला ३ सेंटीमीटर जास्त. सुती कापड कापायच्या आधी धुऊन वाळवून इस्त्री करा, कारण सुती आटतं आणि वरचा पॉलिस्टरचा फेल्ट आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात पान गोळा होतं. गडद कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग लागला तर ते वापरू नका, ते तोंडात जाणार आहे. पान ताठ राहावं म्हणून आत साधं बकरम, म्हणजे कॉलरीत असतं तसलं कडक कापड, घालतात पण ते धुतल्यावर मऊ पडतं, मी जुन्या जीन्सचा तुकडा घालते, त्याने पान उभं राहतं. एवढ्या थरांना १६ नंबरची सुई लागते, टाका ३ मिलीमीटरचा, आणि जाड जागी पायाने न चालवता चाक हाताने फिरवा. उलटवायला आठ-दहा सेंटीमीटर जागा सोडा, कोपरे टिपेच्या जवळ तिरके कापा, उलटवल्यावर कडेने पुन्हा एक टीप. टाचण्या मात्र मोजून लावा आणि मोजून काढा, सुई तुटली तर दोन्ही तुकडे मिळेपर्यंत पुढे शिवू नका, यात जराही आळस नको.

बटणाचं पान करायचं असेल तर जुन्या शर्टाची पुढची पट्टी काजांसकट कापून घ्या, अर्धं काम तयार असतं. फक्त शर्टाचं बटण जेमतेम सेंटीमीटरभर असतं, ते चार-पाच वर्षांच्या बोटांना ठीक. तीन वर्षांच्या मुलाला अडीच-तीन सेंटीमीटरचं, कोटाला असतं तसलं बटण द्या, आणि काज बटणाच्या व्यासात त्याची जाडी मिळवून त्याहून दोन-तीन मिलीमीटर मोठं ठेवा. बटण कापडाला चिकटून शिवलं तर काजात फिरत नाही. शिवताना मध्ये आगपेटीची काडी ठेवायची, नंतर काढून त्या सैल दोऱ्याला पाच-सहा वेढे द्यायचे की दांडी तयार होते. दोरा पॉलिस्टरचा, दुहेरी, आणि कापडाच्या मागे दुसरं छोटं चपटं बटण, म्हणजे ओढलं तरी कापड फाटत नाही.

व्हेल्क्रो चिकटपट्टीवाला घेऊ नका, त्याचा डिंक सुईला लागतो आणि टाके सुटतात. मऊ बाजू पानावर, खरखरीत बाजू सुट्या तुकड्याला, आणि व्हेल्क्रोची पट्टी दोन सेंटीमीटरचीच पुरे. मी आधी पूर्ण पट्टी लावायची, ती मुलाच्या ताकदीला निघायचीच नाही. कोपरे गोल कापा, टोचतात. नाडीच्या पानावर नाडीचा मध्य पानाला पक्का शिवा आणि कुठलंही मोकळं टोक २२ सेंटीमीटरपेक्षा लांब ठेवू नका, गळ्याभोवती जाईल एवढी दोरी लहान मुलाच्या हाती नकोच.

बांधणीचं शेवटी सांगते कारण वयाचा प्रश्न तिथेही येतो. अगदी लहान मुलाचं पुस्तक कण्याला शिवूनच टाका. तीन वर्षांपुढच्या मुलाला मात्र मी प्रत्येक पानाला दोन मोठी काजं करते आणि त्यातून रुंद फीत ओवून बांधते. पानं सुटी करून गार पाण्यात हाताने धुता येतात, लवकर वाळतात, आणि मुख्य म्हणजे झिपचं पान कंटाळवाणं झालं की ते काढून बटणाचं घालता येतं. पुस्तक मुलाबरोबर वाढतं. भाची आता चार वर्षांची आहे, तिच्या पुस्तकात पहिल्या सहातलं एकच पान उरलंय, माशाचं, डोळा आता काळ्या दोऱ्याने भरलेला आहे.

तर संपादक महोदय, यापुढे अशी कृती आली की वर ठळक अक्षरात मुलाचं वय द्या. आणि आधी छापलेल्या कृतीची दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच जागी छापा, कारण माझ्यासारख्या अनेकांनी ती कापून ठेवली असेल आणि कुणीतरी आजही ग्लू गन गरम करून बसलं असेल. लागली तर तीन वयांची मापं आणि कागदी नमुने मी स्वतः काढून पाठवते, त्याचं काही मानधन नको.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक